बाळंतपणाच्या रजेआधी हिशेबाचं टेबल कसं सोपवायचं

तुमचा प्रश्न परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग मशीनिंगचं छोटं युनिट. अकाउंट्स, डिस्पॅच, पगार सगळं तुमच्या एकटीकडे. २८ वा आठवडा चालू, पहिलं बाळंतपण, म्हणून चंदगड तालुक्यात माहेरी जाणार. मालकांनी नुकताच बी.कॉम. झालेला पुतण्या तुमच्या शेजारी आणून बसवलाय आणि "काळजी करू नका मॅडम, होतंय सगळं" म्हणून विषय संपवलाय. तुम्ही विचारताय की काम कधी आणि कसं सोपवायचं, पार्ट्यांना (गिऱ्हाइकं, पुरवठादार) काय सांगायचं, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप कसा घ्यायचा.

मी या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि पगारपत्रकं बघते, त्यामुळे तुमच्यासारखी टेबलं ओळखीची आहेत. अशा ठिकाणी अडचण सहसा वहीत लिहिलेल्या कामांची नसते. निम्मं काम तुमच्या डोक्यात आणि निम्मं तुमच्या मोबाइल नंबरवर असतं. डोक्यातलं बोलून-लिहून उतरवता येतं. मोबाइलवरचं उतरवायचं कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग बाळंतिणीच्या खोलीत रोज संध्याकाळी पाच वाजता ओटीपीसाठी फोन वाजतो.

आधी तारखेचं. तारीख तुमच्या एकटीच्या हातात नाही, हे धरून चाला. कायद्याने बाळंतपणाच्या रजेच्या २६ आठवड्यांपैकी प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, म्हणजे ३२ व्या आठवड्यापासून जाता येतं. बऱ्याच जणी ३६ व्या आठवड्यापर्यंत येतात आणि उरलेले २२ आठवडे बाळासाठी ठेवतात. पण आपल्याकडे घरची गणितं वेगळी असतात. "आठव्या महिन्यात प्रवास नको" असं सासूबाईंनी म्हटलं, तर सातवा संपायच्या आत निघा नाहीतर नववा लागू द्या, एवढेच दोन पर्याय उरतात. हे घरात आधी ठरवून घ्या. ऑफिसात एक तारीख सांगून मग ती दोनदा बदलली की मालक तारखेला गांभीर्याने घ्यायचं सोडून देतात. डॉक्टरांनी रक्तदाबामुळे किंवा आणखी कशामुळे विश्रांती सांगितली, तर ही सगळी चर्चाच संपते.

म्हणून या आठवड्यात पहिलं काम एकच करा. एका कागदावर "उद्या मी आलेच नाही तर" एवढं लिहा. कुठल्या तारखेला काय भरायचं, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप कुठे आहे, बँकेचे व्यवहार कोण पाहतं, सीएंचा नंबर, ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर, कपाटाच्या चाव्या कुठे. एक पानच. तो कागद मालकांच्या हातात द्या आणि एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सविस्तर वही नंतर होत राहील.

आता सोपवण्याचं वेळापत्रक. तुमच्या हातात आठ आठवडे आहेत असं दिसतं, पण हिशेबाच्या टेबलावर आठवडे मोजून उपयोग नाही, महिनाअखेरी मोजायच्या. तुमच्या हातात त्या दोनच आहेत. ७ तारखेला टीडीएस (कापून घेतलेला इन्कम टॅक्स), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी), २० ला ३बी (जीएसटी भरायचं रिटर्न) आणि प्रोफेशनल टॅक्स. ही फेरी महिन्यातून एकदाच येते. ती पुतण्याने स्वतःच्या हाताने दोनदा केली तरच त्याला आली असं समजायचं. (तुमचं जीएसटी तिमाही असेल तर तारखा बदलतात, सीएंना विचारून त्याच कागदावर लिहा.)

"आधी तू बघ, मग कर" ही पद्धत मला पटत नाही, निदान इतक्या कमी वेळात. शेजारी बसून बघणारा माणूस दहा मिनिटांनी मोबाइल काढतो. पहिल्या फेरीतच माउस त्याच्या हातात द्या, तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसा आणि तोंडाने सांगा. तीनपट वेळ लागेल, लागू द्या. दुसऱ्या फेरीत तुम्ही त्या खोलीतच बसू नका. मालकांच्या केबिनमध्ये किंवा स्टोअरमध्ये बसून जुन्या फायली लावा. तो जितक्या वेळा उठून विचारायला येईल, तेवढ्या ओळी वहीत वाढवायच्या. तुम्हाला जे सोपं वाटतं ते वहीत कधीच लिहिलं जात नाही, आणि पोरं नेमकी तिथेच अडतात.

एक उदाहरण नीट उलगडून सांगते, कारण सीमेवरच्या युनिटमध्ये नवा माणूस हमखास इथे चुकतो. शिनोळीची पार्टी. गाडी वेंगुर्ला रोडने अर्ध्या तासात पोचते, ड्रायव्हर दुपारच्या चहाला परत येतो, त्यामुळे नव्या माणसाला ती पार्टी मच्छे किंवा उद्यमबागेतल्यासारखीच वाटते. पण शिनोळी महाराष्ट्रात आहे. तुमचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, त्यांचा २७ ने. बिलाला आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) लागतो. टॅलीत नवीन लेजर (पार्टीचं खातं) उघडताना घाईत राज्य कर्नाटकच राहून जातं आणि बिल सीजीएसटी-एसजीएसटीने (राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर) निघतं. मग पार्टीला क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) दिसत नाही, त्यांचा माणूस फोनवर आवाज चढवतो, आणि तुमच्याकडे आयजीएसटी नव्याने भरून आधी भरलेल्या चुकीच्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. दुसरी बाजू ई-वे बिलाची, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची. साध्या विक्रीला ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ते लागतं हे पुतण्याला कॉलेजात शिकवलं असेल. पण जॉबवर्कसाठी (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. आठ हजाराचे चार फ्लँज ड्रिलिंगला शिनोळीला पाठवले तरी. वहीत याचं एक पान वेगळं करा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: "नंबर २७ ने सुरू असेल तर थांब." गोव्याच्या पार्ट्या असतील तर त्यांचा ३०.

अशी चार-पाचच पानं पुरतात. प्रत्येक पानावर काम काय, कोणत्या तारखेला, फाइल कुठे, अडलं तर कोणाला विचारायचं, आणि इथे काय चुकतं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. चाळीस पानांची वही कोणी वाचत नाही, ती फक्त निरोपाच्या दिवशी मालकांना दाखवायला बरी दिसते.

वहीत न मावणारी एक जात असते, तोंडी ठरलेल्या गोष्टींची. अमुक ट्रान्सपोर्टवाल्याला शनिवारी रोख दिले नाहीत तर सोमवारी गाडी येत नाही. भंगारवाला वजनाची चिठ्ठी मालकांच्या सहीशिवाय घेतो आणि नंतर वाद घालतो. एका पार्टीचे पैसे नेहमी अर्धे-अर्धे येतात, त्यांना रिमाइंडर पाठवायचा नसतो, फक्त एक फोन करायचा असतो. कोणा कामगाराची उचल पगारातून किती कापायची हे मालकांनी चालता-चालता सांगितलेलं असतं. पुढचे पंधरा दिवस टेबलावर एक छोटी डायरी ठेवा आणि असं काही आठवलं की तिथल्या तिथे टिपून ठेवा. एका बैठकीत आठवून लिहायला गेलात तर निम्मं सुटतं. पगारातल्या उचली आणि येणी-देणी यांची यादी मात्र मालकांसमोर वाचून त्यावर त्यांची सही घ्या. तीन महिन्यांनी "मॅडमनी असं सांगितलं होतं" हे वाक्य ऐकायचं नसेल तर.

कन्नड पत्रांचंही ठरवून घ्या. महानगरपालिका, कामगार खातं, हेस्कॉम (वीज कंपनी) यांचे कागद कन्नडमध्ये येतात. पुतण्या बाजारात फाडफाड कन्नड बोलत असेल, पण सरकारी नोटिशीतलं कन्नड वेगळं. न समजलेलं पत्र ड्रॉवरमध्ये जातं आणि उत्तर द्यायची मुदत तिथेच संपते. आलेलं प्रत्येक पत्र त्याच दिवशी फोटो काढून सीएंच्या ऑफिसला किंवा युनिटमधल्या कन्नड वाचणाऱ्या सुपरवायझरला दाखवायचं, एवढा नियम पुरे.

आता मोबाइल. जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, पीएफ, ईएसआय, बँक, इन्कम टॅक्स: या प्रत्येक ठिकाणी कोणाचा नंबर आणि कोणता ईमेल नोंदवलाय ते आजच तपासा. तुमचा असेल तर बदलून मालकांचा किंवा कंपनीच्या वेगळ्या सिमचा घाला. एक साधा फोन आणि एक सिम ऑफिससाठी घ्यायला लावा, त्याहून स्वस्त उपाय नाही. ई-वे बिलच्या पोर्टलवर सब-युजर तयार करता येतो, तो पुतण्याच्या नावाने करा. टॅलीतही त्याचं वेगळं लॉगिन. तुमचा पासवर्ड त्याला देऊ नका. यात अविश्वास कसला नाही, पण तुम्ही रजेवर असताना तुमच्या नावाने पडलेल्या नोंदींचं उत्तर पुढच्या ऑडिटला तुम्हालाच द्यावं लागेल. डिजिटल सही मालकांच्या ताब्यात. हे बदल शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, काही ठिकाणी मंजुरीला दिवस जातात आणि एखादा अर्ज परतही येतो.

पेटी कॅश मोजून द्या. नोटा किती, सुटे किती, व्हाउचर किती रुपयांची, हे एका कागदावर, दोघांच्या सह्या, तारीख. ड्रॉवरमधल्या कच्च्या चिठ्ठ्या एकतर बिलात घाला नाहीतर फाडा. कंपनीचा शिक्का, कोरी चेकबुकं आणि चाव्या याच कागदावर लिहा. पुतण्या मालकांचा आहे, म्हणून हे करायला संकोच वाटेल. उलट नात्यातल्या माणसाच्या बाबतीतच हे जास्त जपायचं, कारण पुढे पाचशे रुपये कमी आले तर त्याला कोणी विचारणार नाही.

स्टॉक मोजायला, रजिस्टरांचे गठ्ठे उचलायला, तासन्‌तास उभं राहायला तुम्ही नाही म्हणू शकता. साधारण ३० व्या आठवड्यापासून पुढे अशी कष्टाची कामं गरोदर बाईने विनंती केल्यावर तिला द्यायची नाहीत, ही कायद्यातली तरतूद आहे. भांडायची गरज सहसा पडत नाही. मोजणी पुतण्याने करायची, तुम्ही खुर्चीवर बसून आकडे टिपायचे. त्याचंही शिक्षण होतं.

हक्काच्या कागदांवर थोडक्यात, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही, पण दुसऱ्यांचे पगार करणाऱ्या बायकाच स्वतःचा अर्ज करायला विसरतात. पगाराच्या स्लिपवर ईएसआय कापलेला दिसतो का ते बघा. दिसत असेल (मर्यादा महिना २१,००० रुपये पगाराची), तर रजेचे पैसे ईएसआयकडून येतात आणि त्यासाठी आधीच्या हिशेबाच्या काळात ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ईएसआय नसेल तर पैसे मालकांनी द्यायचे, अट प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केल्याची. हे २६ आठवडे पहिल्या दोन मुलांपर्यंत मिळतात. मूळ कायदा १९६१ चा, १२ चे २६ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने झाले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच चौकट घेतलेली आहे. मालकांकडून मिळणार असतील तर प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत, असा नियम आहे. मालकांना लेखी नोटीस द्या: कोणत्या तारखेपासून रजा, पैसे कोणत्या खात्यात, तुमच्या वतीने कोणाला द्यायचे. पोच घ्या. प्रसूती पलीकडच्या राज्यात होणार असल्याने ईएसआयच्या शाखा कार्यालयात आधीच जाऊन, कोणत्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल ते विचारून ठेवा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. म्हणजे दाखला महाराष्ट्रातला मिळेल आणि इथे तोच चालतो, त्यासाठी बेळगावला हेलपाटे नकोत.

आता निरोप. बाहेरच्या पार्ट्यांना रजेवर जाण्याच्या साधारण दोन आठवडे आधी सांगा. त्याहून आधी सांगितलं तर विसरतात, उशिरा सांगितलं तर पुतण्याचा नंबर त्यांच्याकडे जात नाही. सगळ्यांना सांगायची गरज नाही. महिन्यातून एकदा तरी ज्यांच्याशी बोलणं होतं ते दहा-पंधरा जण पुरे. कारण सांगायचं की नाही ते तुमच्यावर. बाजारातल्या पुरुष मंडळींना कारण ऐकून काय बोलावं ते सुचत नाही, मग ती उगाच "अरे वा, पेढे पेढे" करतात. साधा मेसेज पुरतो: "नमस्कार साहेब, मी २२ तारखेपासून सहा महिने रजेवर आहे. बिलं, पेमेंट, डिस्पॅचसाठी या नंबरवर बोला. तुमचा मागचा हिशेब मी त्यांना समजावून दिला आहे." शेवटचं वाक्य लिहायचंच, कारण पार्टीला नेमकी तीच धास्ती असते. मोठ्या तीन-चार गिऱ्हाइकांना मात्र फोन करा, स्पीकरवर, पुतण्याला शेजारी बसवून, आणि दोन मिनिटांनी त्यालाच बोलू द्या. बोलणं कन्नडमध्ये असेल तर सुरुवातीपासून त्यालाच.

शेवटचा दिवस २० तारखेनंतरच्या आठवड्यात येईल असा बघा. ३बी भरून झालेलं असतं, पगाराची धांदल सुरू व्हायची असते, आणि दोन दिवस टेबल खरोखर रिकामं मिळतं. महिनाअखेरीला निघालात तर निरोपाच्या चहातही कोणीतरी ओव्हरटाइमचं विचारायला येतो.

निरोपाचा कार्यक्रम शेवटच्या दिवशी नको, आदल्या दिवशी चहाच्या सुट्टीत ठेवा, वीस मिनिटांचा. शेवटच्या दिवशी चाव्या आणि सह्या असतात, त्यात रडू आलं की दोन्ही अर्धवट राहतं. तुम्ही नेलात तर कुंद्याचे बॉक्स न्या, शॉपवरच्या (मशीनवर काम करणाऱ्या) पोरांपर्यंत पोचेल एवढे. पण शॉपवर फिरून प्रत्येकाला भेटायला जाऊ नका. मशीनं चालू असताना तिथला आवाज आणि तेलकट धूर तुमच्यासाठी नाही. त्यांनाच बाहेर गेटजवळ येऊ द्या.

ऑफिसातल्या बायका खण-नारळाची ओटी भरणार हे गृहीत धरा. आधी एकीला विश्वासात घेऊन दोन गोष्टी सांगून ठेवा. वर्गणी काढताना झाडलोट करणाऱ्या मावशींकडून इतरांएवढीच रक्कम घेऊ नये. आणि बाळाचे कपडे-खेळणी आणू नयेत, कारण बऱ्याच घरांत जन्माआधी बाळाची खरेदी चालत नाही आणि ती पिशवी कुठे ठेवायची हा तुमच्या सासरी प्रश्न होतो. ओटीच्या वेळी नवरा गेलेली एखादी सहकारी असेल तर ती आपण होऊन मागे सरकते. तुम्ही नाव घेऊन बोलवलंत तर ती पुढे येते, बाकीच्या गप्प बसतात. हे तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही, कारण त्या दिवशी पाटावर तुम्ही बसलेल्या असता.

बोलायची पाळी आली तर तीन-चार वाक्यं. कामाबद्दल एक वाक्य पुतण्यासाठी राखून ठेवा, सगळ्यांसमोर: "या महिन्याचं रिटर्न याने एकट्याने भरलं." पुढचे सहा महिने लोकांनी त्याच्याकडे जावं म्हणून याचा जेवढा उपयोग होतो तेवढा मालकांच्या सूचनेचा होत नाही. "काही अडलं तर कधीही फोन करा" हे मात्र म्हणू नका. आपल्या तोंडात ते सहज येतं, आणि लोक ते खरं मानतात.

फोनचं आधीच ठरवा, मालकांशी, तारखेसकट. प्रसूतीनंतर पहिले सहा आठवडे पूर्ण बंद. त्या काळात बाईकडून काम करून घेणं मालकांनाही कायद्याने मना आहे, हे त्यांना शांतपणे सांगता येतं. त्यानंतर हवं तर आठवड्यातून एक वार, एक वेळ, फक्त पुतण्याचा फोन, आणि प्रश्न आधी मेसेजवर लिहून पाठवलेले. आठवून सांगण्यापलीकडे जाऊ नका. रजेचे पैसे काम न करण्याच्या काळाचे असतात. घरी लॅपटॉप आणून रिटर्न भरायला लागलात तर तो हक्कच वादात येतो, ईएसआयकडून पैसे येत असतील तर जास्तच.

बाळाची बातमी एकीलाच कळवा, ती सगळ्यांना सांगेल. नाहीतर ग्रुपवर अभिनंदनांच्या खाली कोणीतरी ई-वे बिलाचा स्क्रीनशॉट टाकतोच.

परत यायच्या दोन आठवडे आधी पुतण्याकडून अडकलेल्या कामांची यादी मागवा, आणि जमलं तर पहिला दिवस ७ ते २० च्या मध्ये येऊ देऊ नका, दोन-चार दिवसांची शिल्लक रजा जोडूनही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते, ती पहिल्या आठवड्यातच लेखी मागा. पुतण्याचं लॉगिन बंद करायला लावू नका. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी डिस्पॅचची गाडी उभी असेल तेव्हा ते लागणार आहे.